गुस्टाचं त्सिमेस

"जाड होतायत," पिंकस दारातून म्हणाला. "गुस्टाच्या चकत्या इतक्या पातळ असायच्या, की उजेडासमोर धरल्या तर पलीकडचं दिसायचं."

हिंदाने सुरी थांबवली नाही. लाकडी फळीवर गाजराची एक चकती पडली, तिच्यावर दुसरी रेलली.

"जेवायला बसायचं की पलीकडचं बघायला?"

"मी आपलं सांगितलं."

"सांगून झालं ना? मग जा, दाढी कर. मेहुणी यायची वेळ झाली तुझी."

मेहुणी म्हटल्याबरोबर पिंकसचा हात हनुवटीकडे गेला, पण तो हलला नाही. चौकटीला टेकून पातेल्याकडे बघत राहिला. त्सिमेससाठी, सणाच्या गाजराच्या पक्वान्नासाठी, रताळ्याच्या फोडी मधात शिजत होत्या. वाटीत भिजवलेले सुके आलुबुखार फुगून टम्म झाले होते. आज संध्याकाळी रोश हशाना, ज्यूंचं नवं वर्ष लागणार होतं. मेलबर्नच्या बालाक्लाव्हा भागातल्या त्या गल्लीत प्रत्येक घरातून गाजर, मध आणि दालचिनीचा वास येत होता.

"तिला बोलवायची काय गरज होती?" त्याने विचारलं.

"तुझ्या बायकोची बहीण आहे. एवढ्या वर्षांनी पत्ता शोधून पत्र लिहिते, आणि तू ते पत्र मोज्यांच्या खणात टाकून देतोस."

"माझी बायको तू आहेस."

हिंदा हसली. "हे तू वर्षातून एकदा म्हणतोस. तेसुद्धा अडचणीत आलास की."

एर्नाचं पत्र हैफाहून तीन महिन्यांपूर्वी आलं होतं. पोलंडमधल्या टार्नूव गावच्या लोकांनी युद्धातून वाचलेल्यांची यादी छापली होती, तीत तिला पिंकसचं नाव सापडलं होतं. सिडनीला भाचीकडे येणार आहे, भेटायला येऊ का, असं तिने विचारलं होतं. पिंकसने उत्तर दिलं नाही. हिंदाने दिलं. 'तो पत्राच्या बाबतीत आळशी आहे, तुम्ही सणाला आमच्याकडेच या,' असं तिने आपल्या बारीक, उभट अक्षरात लिहिलं. हे लिहिताना तिच्या मनात पाहुणचाराहून वेगळंच काहीतरी होतं, आणि ते तिने फक्त ब्रोन्याला सांगितलं होतं.

ब्रोन्या कोटांच्या कारखान्यात तिच्या शेजारच्या मशीनवर बसायची. हिंदा अठरा वर्षं तिथे काजं करत होती. दिवसाला दोनशे, कधी अडीचशे काजं. कोट कसा दिसतो ते तिने कधी नीट पाहिलं नव्हतं, तिच्यासमोर फक्त कडा यायच्या.

"बहिणीला विचारणार आहे," ती ब्रोन्याला म्हणाली होती. "माझ्या त्सिमेसमध्ये काय कमी पडतं ते."

"तुझ्या घराची गंमतच आहे," ब्रोन्या दातात दोरा धरून म्हणाली होती. "जेवायला तिघं बसतात आणि राबते एकटी. त्या गुस्टाला म्हणावं, निदान भांडी तरी घास."

हिंदा हसली होती. पण पिंकसची पहिली बायको, युद्धात गेलेली गुस्टा, जेवायला बसत होती हे खरंच होतं.

मेलबर्नमधल्या पहिल्या रोश हशानाला त्यांच्याकडे कार्लटनमधली एक खोली आणि एक शेगडी होती. हिंदाने त्सिमेस केलं ते तिच्या लिथुआनियातल्या घरी करायचे तसं. गाजर, थोडं मांस, मीठ, भाजलेलं पीठ आणि भरपूर काळी मिरी. पिंकसने एक घास घेतला आणि चमचा ताटाच्या कडेला ठेवला.

"ह्यात मिरी आहे."

"आमच्याकडे घालतात."

"तुम्ही लिटवाक लोक माशात मिरी घालता, सुपात मिरी घालता. चहात तेवढी राहिली." मग त्याचा आवाज खाली आला. "हे त्सिमेस नाही, हिंदा. गुस्टाचं गोड असायचं."

त्याचे डोळे भरून आले होते. लग्नाला वर्षच झालं होतं. जर्मनीतल्या निर्वासितांच्या छावणीत ओळख आणि सहा आठवड्यांत लग्न. त्या दिवसांत सगळेच तशी लग्नं करत होते, थंडीत माणसं एकमेकांना चिकटून बसतात तशी. नवऱ्याच्या डोळ्यात पाणी बघून हिंदाने पातेलं उचललं आणि खालच्या मजल्यावरच्या बाईला देऊन टाकलं. पुढच्या वर्षी तिने मिरी घातली नाही, साखर घातली.

"जवळ आलंय," पिंकस म्हणाला. "पण गुस्टा मध घालायची."

मध आला. मग आलुबुखार आले. मग एका वर्षी त्याला दालचिनी आठवली, एका वर्षी बेदाणे. एका वर्षी रताळी, ती आधी भाजून घेतलेली. सातव्या की आठव्या वर्षी, सिनॅगॉगमधून येताना, तो रस्त्यातच थांबला आणि म्हणाला, "संत्र्याची साल! किसलेली!" तेव्हा तो इतका आनंदला होता, की हिंदा सणाचे चांगले कपडे न बदलता संत्रं शोधायला शेजारी गेली. दरवर्षी तो पहिला घास घ्यायचा, डोळे मिटायचा. हिंदा चमचा हातात धरून उभी राहायची. आणि दरवर्षी तेच. "जवळ आलंय. पण ते नाही."

ती रडली असेल पहिली दोन-तीन वर्षं. मग तिचाच हट्ट झाला. मेलेल्या बाईशी भांडता येत नाही, पण तिच्याइतकं चांगलं रांधता तर आलं पाहिजे. एकदा तरी त्याने डोळे उघडून म्हणावं, हेच ते. तेवढं झालं की ती बाई उठून जाईल आणि आपल्या टेबलापाशी दोनच खुर्च्या राहतील, असं तिला वाटायचं.

एर्ना आली ती हातात दोन पिशव्या आणि तोंडात बोलणं घेऊनच. ठेंगणी, जाडजूड, पांढरे केस पोरासारखे कापलेले. हैफाच्या बंदरावर कस्टममध्ये कारकून होती, नुकतीच निवृत्त झाली होती. तिने पिंकसला दोन्ही खांद्यांना धरलं.

"म्हातारा झालास रे! कान मात्र तेच. लग्नात आम्ही सगळ्या तुझ्या कानांना हसलो होतो."

"तू... तुझंही..." पिंकसने आपला कान चाचपला.

"माझं काय, माझे कान बरे होते," एर्ना म्हणाली आणि हिंदाला कडकडून भेटली. "तुम्ही हिंदा. तुमचं अक्षर बघूनच म्हटलं, ही बाई शिस्तीची."

संध्याकाळी मेणबत्त्या लागल्या. सफरचंद मधात बुडवून खाल्लं, गोल पाव मोडला, मासा झाला, सूप झालं. एर्ना सगळं चवीनं खात होती आणि टार्नूवच्या गोष्टी सांगत होती. पिंकस मान हलवत होता. गुस्टाचं नाव निघालं की पाण्याचा पेला उचलत होता. मग हिंदाने त्सिमेस आणलं. गाजराच्या चकत्या सोन्याच्या नाण्यांसारख्या चमकत होत्या. येतं वर्ष असंच भरभराटीचं जावं म्हणून हे नाण्यांचं पक्वान्न. तिने पहिल्यांदा एर्नाला वाढलं.

एर्नाने घास घेतला. "वा! वा, हे झकास आहे. ह्यात संत्रं आहे का?"

"साल." हिंदा खुर्चीच्या काठावर बसली. तिने हात मांडीवर घट्ट धरले होते. "एर्ना, मला खरं सांगा हं, भिडेखातर बोलू नका. चोवीस वर्षं मी हे करतेय, आणि हा म्हणतो, जवळ आलंय पण ते नाही. तुम्ही बहीण आहात. तुम्हाला कळेल. ह्यात काय कमी आहे?"

"कशाच्या मानानं कमी?"

"गुस्टाच्या."

एर्ना चमचा धरून बघत राहिली. मग तिला हसू फुटलं, इतकं, की तिने रुमाल तोंडाला लावला.

"गुस्टाच्या? आमच्या गुस्टाच्या? अहो, तिला चहा करता येत नव्हता! फोटोच्या दुकानात कामाला होती, फोटोंवरचे डाग काढायची. दिवसभर ब्रश हातात. लग्नानंतर हे दोघं कोपऱ्यावरच्या खाणावळीत जेवायचे, मी स्वतः जेवलेय त्यांच्याबरोबर. आणि गाजर? लहानपणापासून ताटातलं गाजर उचलून माझ्या ताटात टाकायची. आईची पाठ फिरली रे फिरली की टाकलं!"

कोणी हसलं नाही तेव्हा ती थांबली.

"नंतर शिकली ती," पिंकस म्हणाला. तो ताटाकडे बघत होता. "तू पॅलेस्टाइनला गेलीस. त्यानंतर शिकली."

"पत्रं यायची ना तिची. शेवटचं एकेचाळीसचं. त्यातही लिहिलंय, अजून चुलीशी माझं जमलेलं नाही म्हणून."

"पत्रात माणूस सगळं लिहितं का?"

एर्नाने हिंदाकडे बघितलं, मग पिंकसकडे. आपण कशावर पाय दिला हे तिला कळलं नव्हतं, पण काहीतरी मोडलं एवढं कळलं होतं. ती घाईने उठली, पिशवीतून एक पाकीट काढलं.

"जाऊ दे ते. तुझ्यासाठी आणलंय. तुझ्याकडे तिचा एकही नसणार, म्हटलं."

तो फोटो होता. बागेतल्या बाकावर दोन तरुण मुली, दोघींचे केस आखूड, दोघी उन्हामुळे डोळे बारीक केलेल्या. पिंकसने चष्मा लावला. फोटो जवळ घेतला, लांब धरला, पुन्हा जवळ घेतला. त्याचं बोट हळूच उचललं गेलं आणि डावीकडच्या मुलीच्या चेहऱ्यावरून फिरलं.

"गुस्टा," तो म्हणाला. "गुस्टा माझी."

एर्ना अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "ती मी आहे, पिंकस."

त्याने फोटो टेबलावर पालथा ठेवला. उठला, मागच्या दाराने अंगणात गेला आणि तिथल्या उलट्या बादलीवर बसला. हिंदाने तिघांची ताटं गोळा केली. त्याचं ताट भरलेलंच होतं. ह्या वर्षी त्याने अजून पहिला घासही घेतला नव्हता.

सकाळी एर्ना झोपली होती. सिनॅगॉगला निघायला वेळ होता. हिंदा स्वयंपाकघरात बसली होती, समोरचा चहा निवत होता. पिंकस आला आणि तिच्यासमोर बसला. त्याची दाढी नीट झाली नव्हती, गळ्यापाशी पांढरे खुंट राहिले होते.

"छळछावणीतल्या दुसऱ्या हिवाळ्यात तिचा चेहरा गेला," तो म्हणाला. "एके सकाळी उठलो आणि तो नव्हता. डोळे आठवायचो तर नाक जायचं. आवाज तर आधीच गेला होता."

हिंदाने वर बघितलं नाही.

"आमच्या फळीवर आठजण झोपायचो. भूक लागली की सगळे खाण्याचं बोलायचे. माझी बायको असं करते, माझी बायको तसं करते. रोज. माझ्याकडे सांगायला काय होतं? खाणावळ? मग मी म्हटलं, माझी गुस्टा त्सिमेस करते, गोड. एकजण म्हणाला, मधाचं का? मी म्हटलं, हो, मधाचंच. आलुबुखार एका हंगेरियन माणसाचे होते. संत्र्याची साल ग्रीसमधल्या सालोनिकाच्या एकाची. तो म्हणायचा, साल किसताना हाताला वास राहतो, बायको तसाच हात लेकराच्या नाकाशी न्यायची. तो गेला. मग मी ती साल गुस्टाला दिली. तिथून बाहेर पडलो तेव्हा माझ्याकडे तिचं एवढंच होतं. खोटं आहे हे मी कधी विसरलो, तेही मला माहीत नाही. खरंच सांगतो. तू ते पातेलं आणलंस की मला वाटायचं, आता ह्या घासाला ती दिसेल."

बाहेर कुणीतरी फाटक लावलं. नव्या कपड्यांतली माणसं रस्त्याने चालली होती, एकमेकांना चांगल्या वर्षाच्या शुभेच्छा देत.

"म्हणजे मी कुणाशी बरोबरी करत होते?" हिंदाने विचारलं.

"हिंदा..."

"सांग ना. चोवीस वर्षं मी चमचा हातात घेऊन तुझ्या तोंडाकडे बघत उभी राहिलेय. कुणासाठी? आठ उपाशी पुरुषांच्या बडबडीसाठी?"

"तिचं काहीतरी उरायला नको का? मी खरं बोललो असतो तर तिचं काय उरलं असतं?"

"आणि माझं?"

पिंकसने तिच्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, टाळाटाळही नव्हती. त्याला खरोखरच प्रश्न कळला नव्हता.

"तुझं काय, हिंदा?" त्याने विचारलं.

ती उठली. निवलेला चहा तिने मोरीत ओतला, कप विसळला, डोक्याला रुमाल बांधला आणि एर्नाला उठवायला गेली.

त्या दिवशी दुपारी तिघंही समुद्रावर गेली. नव्या वर्षाच्या पहिल्या दुपारी पाण्याशी जाऊन प्रार्थना म्हणायची, खिसे झटकायचे आणि वर्षभराची पापं पाण्यात सोडायची. सेंट किल्डाच्या किनाऱ्यावर काळ्या टोप्यांची आणि फुलाफुलांच्या रुमालांची गर्दी होती. वसंतातला गार वारा होता. पिंकस पुढे पाण्याच्या कडेला गेला. दोघी बायका मागे दगडी कठड्यावर बसल्या.

"माझी जीभ कापून टाकायला हवी," एर्ना म्हणाली. "सणाच्या दिवशी मी तुमच्या घरात काय करून बसले."

"तुम्ही काही केलं नाहीत. जे नव्हतं ते नाही म्हणालात."

"तो माझ्या बहिणीसाठी रडतो, हे बघून खरं तर मला बरं वाटायला हवं." एर्नाने कोटाची कॉलर वर केली. मग सहज, पावाची किंमत विचारावी तसं, तिने विचारलं, "आणि तुझं? तुझं कोण होतं गं?"

हिंदाला आधी वाटलं, वाऱ्यात आपण नीट ऐकलं नाही. निर्वासितांच्या छावणीत, नोंदणीच्या खोलीबाहेरच्या बाकावर, तिने पिंकसला एकदाच सांगितलं होतं. नवरा होता, एक मूल होतं. त्याने मान हलवली होती आणि मग सूप येईपर्यंत गुस्टाबद्दल बोलत राहिला होता. ती वाट बघत राहिली, की हा कधीतरी विचारेल. वर्षभर बघितली, दोन वर्षं बघितली. पुढे घर, मशीन, काजं, आणि वाट बघायचीही सवय सुटली.

"लायबे होता," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "चामड्याच्या कारखान्यात. उंच होता, दारातून वाकून यायचा. आणि ब्लुमका."

"ब्लुमका," एर्ना म्हणाली. नाव नीट उच्चारता आलं की नाही हे बघावं तशी.

"पाच वर्षं आणि दोन महिन्यांची. आम्ही सगळे कामावर होतो. त्या दिवशी जर्मनांच्या लॉऱ्या आल्या आणि त्यांनी आमच्या कोंडलेल्या वस्तीतली फक्त मुलं नेली. संध्याकाळी परत आलो तेव्हा सगळ्या घरांतून एकच आवाज येत होता." तिने रुमालाची गाठ सोडली, पुन्हा बांधली. "तिला पातेल्याच्या तळाला लागलेलं आवडायचं. त्सिमेसचं. मिरीनं नाक लाल व्हायचं, डोळ्यांतून पाणी यायचं, तरी चमचा सोडायची नाही. अजून खरवड म्हणायची. मला खरवडताना हात दुखायचे."

एर्नाने तिचा हात हातात घेतला.

"इथं आल्यावर पहिल्या सणाला मी तेच केलं होतं," हिंदा म्हणाली. "पातेलं तसंच्या तसं खालच्या बाईला दिलं. तळसुद्धा खरवडला नाही."

पायाखाली वाळूचा आवाज झाला. पिंकस पाण्यावरून परत आला होता. किती वेळ उभा होता कोण जाणे. त्याचा चेहरा वाऱ्याने लाल झाला होता आणि तो हिंदाकडे असा बघत होता, जणू ती आत्ताच कुठूनतरी येऊन त्या कठड्यावर बसली होती.

"मुलगी होती?" त्याने विचारलं.

हिंदाने त्याच्याकडे बघितलं. उत्तर तिच्या तोंडाशी आलं नाही असं नाही. ते तिने तिथेच ठेवलं. मग ती उठली, पाठीमागची वाळू झटकली आणि एर्नाला हात दिला.

"चल एर्ना, गार वारा लागेल. चालायचं पुष्कळ आहे."

दोघी कठड्याच्या कडेकडेने रस्त्याकडे निघाल्या. एर्नाने तिच्या दंडात हात घातला होता आणि ती काहीतरी विचारत होती. हिंदा मान वळवून तिला सांगत होती, हाताने उंची दाखवत होती, एवढी, माझ्या कमरेला लागेल एवढी.

पिंकस होता तिथेच उभा राहिला. पाप झटकताना बाहेर काढलेले त्याच्या विजारीचे दोन्ही खिसे तसेच उलटे लोंबत होते, आणि ते आत घालायचं त्याला सुचत नव्हतं.